पाण्याखालचं मिनिट

दादरच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या चार फुटी जागेत बसणाऱ्या घड्याळजीकाकांकडे मी वडिलांचं घड्याळ घेऊन गेलो होतो. लग्नात सासरकडून मिळालेलं, स्टीलचं, स्विस. जुलैतल्या एका दुपारी ते हातात असताना मी चिंब भिजलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आत धुकं धरलं होतं. काकांनी मागचं झाकण फिरवून काढलं, डोळ्याची लूप नीट बसवली आणि चिमट्याने कडेच्या खाचेतून काहीतरी काळं खरवडून माझ्या तळहातावर टाकलं. बोट लावलं तसा त्याचा भुगा झाला.

"मशीन चांगलं आहे साहेब," काका म्हणाले. "रबर मेलंय."

तो भुगा म्हणजे कधीकाळची रबराची गोल कडी, गॅस्केट. झाकण आणि घड्याळाचं धातूचं कवच, म्हणजे केस, यांच्यामध्ये दबून बसायचं आणि पाण्याला वाट द्यायची नाही, एवढंच तिचं काम. या प्रकरणात ज्या घड्याळांविषयी सांगायचं आहे, त्यांची कहाणी या कडीपासूनच सुरू होते.

ही घड्याळं म्हणजे पाणबुड्यांची, डायव्हिंगची स्विस घड्याळं. त्यातही १९५० आणि ६० च्या दशकांतल्या जुन्या रूपात आज नव्याने बनणारी आणि नोकरदार माणसाला चार महिने पैसे साठवून घेता येतील अशी. ओरिस, सर्टिना, मिडो, स्क्वाल, झोडियाक, थोडी वरच्या किमतीत लाँजिन आणि डॉक्सा. यांच्याबद्दल एक समज सर्रास ऐकू येतो: खरं घड्याळ रोलेक्सचं किंवा ब्लाँपँचं, ते परवडत नाही त्यांच्यासाठी ही त्याची स्वस्त नक्कल. मला हा समज चुकीचा वाटतो. पाणबुड्याचं घड्याळ मुळात कुणा एका कंपनीचं नव्हतंच. एका डोंगराळ मुलखातल्या पन्नास गावांनी मिळून ते घडवलं, आणि आज परवडणारी जी घड्याळं दिसतात तीही त्याच घरातली वारस आहेत.

घड्याळात पाणी शिरतं ते तीन वाटांनी: काचेच्या कडेने, मागच्या झाकणातून आणि चावीच्या भोकातून. पहिल्या दोन वाटा घट्ट बसवून बंद करता येतात. चावीचं तसं नाही. पूर्वी घड्याळाला रोज चावी द्यावी लागायची, म्हणजे रोज त्या दांड्याची हालचाल आणि रोज थोडी झीज. भोक बुजवलं तर चावी फिरत नाही, मोकळं ठेवलं तर पाणी आत येतं. १९२० च्या दशकात रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने दोघा स्विस कारागिरांचं पेटंट विकत घेतलं. बाटलीच्या झाकणासारखी आटे पाडलेली चावी, फिरवून आत घट्ट बसणारी. १९२६ मध्ये तिच्यासह 'ऑयस्टर' बाजारात आलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे त्या दिवशी तिला पोहणं अर्धवट सोडावं लागलं. पण दहा तासांहून जास्त वेळ पाण्यात राहूनही घड्याळ चालू होतं, आणि विल्सडॉर्फने लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात दिली. १९३२ मध्ये ओमेगाने 'मरीन' काढलं, त्यात तर एक केस दुसऱ्या केसमध्ये सरकवून बसवलेली होती.

तरीही ही पाण्याला टिकणारी घड्याळं होती, पाणबुड्याची नव्हेत. पाण्याखाली वेळ पाहायची गरजच तोवर फार थोड्यांना होती. ती निर्माण केली ज्याक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी. १९४३ मध्ये त्यांनी ॲक्वालंग बनवलं आणि पाठीवर हवेची टाकी बांधून माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला. मोकळा, पण मोजून दिलेल्या वेळेपुरता. टाकीतली हवा संपत येते हा एक धोका. दुसरा न दिसणारा. खोलीवर दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. जितकी खोली जास्त आणि वेळ जास्त, तितका तो अधिक मुरतो. मग माणूस झटकन वर आला की गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जसे बुडबुडे उसळतात, तसे ते शरीरात उसळतात. सांधे आखडतात, पक्षाघात होतो, जीवही जातो. म्हणून खाली किती मिनिटं झाली हे पाणबुड्याला ठाऊक असावंच लागतं. पाण्याखाली मनातला अंदाज हमखास चुकतो, दहा मिनिटं तीन वाटतात.

हा अनुभव जाँ-जाक फिश्टेर यांना स्वतःला आला. ते ब्लाँपँ या घड्याळ कंपनीचे प्रमुख आणि हौशी पाणबुडे. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ एकदा वेळेचं भान सुटलं, टाकीतली हवा संपली आणि त्यांना घाईघाईने वर यावं लागलं. त्याच सुमारास फ्रेंच लष्करात रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोघे अधिकारी पाण्याखालून लढणाऱ्या सैनिकांची तुकडी उभी करत होते. मालुबिए महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर संघटनेचे हस्तक होते. त्यांना कसं घड्याळ हवं याचा आराखडा त्यांनी तयार केला होता: काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि बाहेरून फिरणारी कडी. एका फ्रेंच घड्याळ कंपनीने त्यांना नकार दिला होता. फिश्टेर यांना मात्र काय हवंय ते लगेच कळलं, कारण ते स्वतः त्या पाण्यातून वर आले होते. १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' तयार झालं. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच वर्षी झोडियाकने 'सी वुल्फ' आणलं, आणि रोलेक्सची 'सबमरिनर' १९५४ मध्ये बाझेलच्या जत्रेत लोकांसमोर आली. वर्षभराच्या अंतराने तीन घराण्यांना तेच उत्तर सापडलं, कारण प्रश्न एकच होता.

त्या फिरत्या कडीपाशी, म्हणजे बेझलपाशी, थोडं थांबू. माझ्या मनगटावर आत्ता आहे त्या घड्याळाची कडी दातेरी आहे. ओल्या, गारठलेल्या बोटांनाही पकडता यावी म्हणून. तिच्यावर बारा वाजण्याच्या जागी एक त्रिकोण आणि त्यात चमकणारा ठिपका. पाण्यात उडी मारताना हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. बस. नंतर काटा कडीवरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटं झाली. बेरीज-वजाबाकी नाही, उडी किती वाजता मारली हे लक्षात ठेवणं नाही. आजच्या घड्याळांत ही कडी फक्त उलट्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरते. कारण साधं आहे. खडकाला घासून ती चुकून सरकली तर त्रिकोण मागे जातो, म्हणजे झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. माणूस दोन मिनिटं आधी वर येईल, पण दोन मिनिटं उशिरा येणार नाही. फिरवताना होणारा कट्-कट् आवाज, बहुतेक घड्याळांत फेऱ्याला १२० वेळा, मला फार आवडतो. कुणाच्या तरी जिवाची काळजी करून केलेल्या विचाराचा तो आवाज आहे.

आता ही घड्याळं प्रत्यक्षात बनवली कुणी, याकडे येऊ. स्वित्झर्लंडच्या वायव्येला, फ्रान्सच्या सीमेवर ज्युरा पर्वताची रांग आहे. हिवाळा लांब आणि बर्फाचा. शेतीकाम बंद पडलं की तिथली कुटुंबं खिडकीशी बसून घड्याळाचे भाग घासायची. कुणी चाकं, कुणी स्क्रू, कुणी काटे. मग एक व्यापारी ते सगळे भाग गोळा करून घड्याळ जोडायचा आणि तबकडीवर आपलं नाव घालायचा. कारखाने आले तरी ही पद्धत मोडली नाही, ती फक्त मोठी झाली. तबकडीवाला वेगळा, केसवाला वेगळा, मशीनवाला वेगळा. पहिल्या फिफ्टी फॅदम्समधलं मशीन ग्रेंखेन गावच्या ए. शिल्ड या कारखान्याचं होतं. त्याच कारखान्याची मशीनं शेकडो स्वस्त घड्याळांतही धावत होती.

केसचं तर याहून स्पष्ट. ज्युरामधल्या बास्कूर गावी एर्विन पिकेरेज यांचा केस बनवण्याचा कारखाना होता. त्यांनी पाण्याच्या दाबालाच कामाला लावलं. इतर केसमध्ये झाकण सुरुवातीलाच इतकं आवळायचे की रबर चेपून लवकर मरायचं. पिकेरेज यांच्या 'सुपर कॉम्प्रेसर' केसचं झाकण स्प्रिंगवर बसायचं. काठावर ते नुसतं टेकलेलं, पण जसजसं खोल जावं तसतसं पाणीच त्याला आत दाबणार आणि रबर घट्ट होत जाणार. या केसला बहुधा उजवीकडे दोन चाव्या असत. एक वेळ लावायला, दुसरी काचेच्या आत असलेली मिनिटांची कडी फिरवायला. झाकणाच्या आत पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचा छोटा शिक्का. हीच केस लाँजिनने घेतली, एनिकारने घेतली, जेजर-लकूल्त्रने घेतली, हॅमिल्टनने घेतली, आणि आज कुणाच्या लक्षातही नसलेल्या कित्येक लहान कंपन्यांनीही घेतली. महाग घड्याळ आणि स्वस्त घड्याळ एकाच साच्यातून बाहेर पडत होतं.

शार्ल फॉन ब्यूरन यांनी १९५९ मध्ये न्यूशातेलमध्ये सुरू केलेल्या 'स्क्वाल'चंही तसंच. फ्रेंचमध्ये स्क्वाल म्हणजे शार्क. ते स्वतःच्या नावाने घड्याळं विकत आणि इतरांसाठी केसही बनवत. त्या काळच्या कित्येक तबकड्यांवर कंपनीचं नाव वर आणि खाली लहानसा शार्क दिसतो. ब्लाँपँसाठीही त्यांनी केस बनवल्या. आज ब्लाँपँच्या नव्या फिफ्टी फॅदम्सची किंमत कित्येक लाखांत जाते आणि स्क्वालचं घड्याळ त्याच्या एका लहान अंशात मिळतं. मग स्क्वालला 'तसं दिसणारं' घड्याळ म्हणणं मला पटत नाही. ज्याने वाड्याची दारं घडवली, त्या सुताराच्या नातवाने तसंच दार बनवलं तर त्याला आपण नकलाकार म्हणत नाही.

१९६० च्या दशकात डायव्हिंग लष्करातून हौशी माणसांत आलं. कूस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता आणि सुट्टीत समुद्रात उतरणारे वाढले होते. या माणसांसाठी डॉक्साने १९६७ मध्ये 'सब ३००' आणलं. ते घडवण्यात क्लोद वेस्ली या पाणबुड्याची मदत होती. हाच वेस्ली १९६२ मध्ये आल्बेर फाल्कोबरोबर मार्सेलजवळ समुद्रात दहा मीटर खोल ठेवलेल्या पोलादी पिंपात आठवडाभर राहिला होता. डॉक्साची तबकडी भगव्या-नारिंगी रंगाची निवडली गेली, ती गढूळ पाण्यात चटकन दिसावी म्हणून. त्याहून मोलाची तिची कडी. तिच्यावर मिनिटांच्या बाहेर दुसरं वर्तुळ आहे, खोलीचं, फुटांमध्ये. अमेरिकी नौदलाच्या तेव्हाच्या तक्त्यातले आकडे तिथे कोरलेत. ६० फुटांवर ६० मिनिटं, १०० फुटांवर २५, १३० फुटांवर जेमतेम १०. एवढ्या वेळात वर निघालं तर मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबावं लागत नाही. म्हणजे आख्खा तक्ता मनगटावर. (ते आकडे आता जुने झालेत. आज कुणी त्यांच्या भरवशावर उतरू नये.) मिडोने १९६१ मध्येच असा तक्ता रंगीत वर्तुळांनी तबकडीवर छापला होता. तो इतका सुंदर दिसतो की रांगोळीची आठवण व्हावी, आणि २०२० मध्ये त्यांनी तो पुन्हा काढला.

सर्टिनाची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती पाण्यात सुरूच होत नाही. १९५९ मध्ये त्यांनी 'डीएस' म्हणजे दुहेरी सुरक्षा या नावाची बांधणी आणली. जाड गॅस्केट, भक्कम काच, आणि मशीन केसला थेट न टेकवता लवचिक कडीत तरंगतं ठेवलेलं, म्हणजे धक्का आतपर्यंत पोचत नाही. १९६० मध्ये ज्या स्विस मोहिमेने नेपाळात धवलगिरी पहिल्यांदा सर केलं, त्या मोहिमेत ही घड्याळं होती. १९६९ मध्ये व्हर्जिन बेटांजवळ टेक्टाइट प्रयोगात चार शास्त्रज्ञ सुमारे दोन महिने समुद्राच्या तळाशी राहिले, तिथेही सर्टिना होती. ही मध्यम किमतीची, शिक्षक आणि कारकून घेत अशी घड्याळं. झाकणावर कासव कोरलेलं.

ओरिसची लढाई वेगळीच, कायद्याशी. १९३४ च्या स्विस घड्याळ कायद्याने कंपन्यांना परवानगीशिवाय नवं तंत्र आणायला बंदी केली. ह्योल्श्टाइन गावच्या ओरिसला त्यामुळे साध्या, कमी प्रतीच्या समजल्या जाणाऱ्या पद्धतीचीच मशीनं बनवत राहावं लागलं. रोल्फ पोर्टमान या तरुण वकिलाने सुमारे दहा वर्षं हा प्रश्न लावून धरला आणि १९६६ मध्ये वाट मोकळी झाली. त्याच दिवसांतलं, १९६५ चं त्यांचं डायव्हिंगचं घड्याळ.

मग दोन घाव बसले. १९६९ च्या नाताळच्या दिवशी टोकियोत सायकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. बघता बघता दहा रुपयांच्या सेलवर चालणारं घड्याळ स्विस कारागिराच्या घड्याळाहून अचूक ठरू लागलं. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार माणसं होती. ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. ज्युरातली गावंच्या गावं ओस पडली. केसचे साचे आणि पत्र्याचे ठोकळे भंगारात गेले. दुसरा घाव पाण्याखालचा. ८० च्या दशकात मनगटावर बांधायचे संगणक आले. खोली, वेळ, नायट्रोजनचा हिशेब सगळं तेच करणार. गरजेपुरतं बोलायचं तर यांत्रिक डायव्हिंग घड्याळाचं काम तिथेच संपलं. ओरिस एका मोठ्या समूहात विरघळत चालली होती. १९८२ मध्ये त्याच पोर्टमान यांनी उलरिख हेरझोग यांच्या साथीने ती सोडवून घेतली आणि यांत्रिक घड्याळंच बनवायची असं ठरवलं. तेव्हा हा निर्णय आत्मघातकी दिसला असणार.

जुनी रूपं परत आली ती नव्या शतकात. लाँजिनने २००७ मध्ये आपलं दोन चाव्यांचं जुनं घड्याळ 'लेजंड डायव्हर' म्हणून काढलं. ओरिसचं 'डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्ह' २०१५ मध्ये आलं आणि परवडणाऱ्या किमतीतल्या या सगळ्या लाटेला तिथून जोर चढला. २०१८ मध्ये सर्टिनाने आपलं जुनं डायव्हिंगचं घड्याळ 'पीएच२००एम' पुन्हा बनवलं. नुसत्या आठवणींवर हे चाललं असं मला वाटत नाही. मधल्या काळात घड्याळं इतकी फुगली होती की शर्टाच्या बाहीत शिरत नव्हती. ४४-४५ मिलिमीटरचं लोढणं आपल्याकडच्या साडेसहा इंची मनगटावर थाळीसारखं दिसतं. जुनी रूपं बरीचशी ३८-४० मिलिमीटरची, हलकी, आणि तबकडीवर काम नसलेली एकही रेघ नाही.

अंधारातल्या चमकेचा विषय आपल्या भाषेशी जोडलेला आहे. मराठीत चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपण आजही 'रेडियम' म्हणतो. सायकलच्या मागची पट्टी रेडियम, रिक्षावरची अक्षरं रेडियम. त्यात रेडियमचा कणही नसतो. शब्द आला तो घड्याळांच्या आणि गजरांच्या काट्यांतून, आणि तिथे मात्र खरंच रेडियम होतं. ते रंगवताना ब्रशचं टोक ओठांनी सारखं करणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली जबड्याच्या हाडापासून सडून मेल्या, आणि त्यांच्या खटल्यांनी कामगार सुरक्षेचे कायदे बदलले. १९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. त्याचा किरणोत्सार सौम्य आणि दर सव्वाबारा वर्षांनी निम्मा होणारा. १९६५ च्या तबकडीत आज त्यातला शंभरातला जेमतेम तीन-चार भाग उरलेला असतो. म्हणून जुन्या घड्याळाचे ठिपके पिवळे पडून आंधळे झालेले दिसतात. रेडियम मात्र निम्मं व्हायला १,६०० वर्षं घेतं. चमक विझली तरी किरणोत्सार तसाच असतो, तेव्हा फार जुनं घड्याळ घरी उघडून ठिपके खरवडू नयेत. आजच्या घड्याळांत सुपर-लुमिनोव्हा असतं. ते दिव्याचा उजेड साठवून परत देतं, किरणोत्सार अजिबात नाही. काही कंपन्या या नव्या रंगाला मुद्दाम जुन्या ट्रिटियमसारखी पिवळी छटा देतात. मला ते रुचत नाही. १९६५ चं घड्याळ दुकानातून निघालं तेव्हा त्याचे ठिपके पांढरेशुभ्रच होते.

स्विस घड्याळ ही आपल्याला परकी गोष्ट कधीच नव्हती. ल लोक्लच्या फाव्र-ल्यूबा घराण्याने, ज्याला आपल्या घरांत सर्रास 'फेवर लुबा' म्हणत, एकोणिसाव्या शतकातच मुंबईत बस्तान बसवलं होतं. वेस्ट एंड वॉच कंपनीचाही मुंबईत मोठा व्यापार होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जावयाला द्यायच्या घड्याळाच्या यादीत ही नावं पहिली असत. याच फाव्र-ल्यूबाने १९६० च्या दशकात 'डीप ब्लू' हे डायव्हिंगचं घड्याळ आणि त्यापाठोपाठ 'बॅथी' आणलं. बॅथी हा यंत्रकलेतला धाडसी नमुना आहे. इतर सगळे पाणी बाहेर ठेवण्यासाठी झटत असताना त्याच्या झाकणाला मुद्दाम भोकं ठेवली होती. पाणी आत येऊन धातूच्या पातळ पडद्याला दाबतं, पडदा वाकतो आणि तबकडीवरचा काटा खोली दाखवतो. मशीन अर्थात पलीकडे सुरक्षित. क्वार्ट्झच्या लाटेत हे घराणं बुडालं, २०११ मध्ये टाटांच्या टायटनकडे आलं आणि आता एथॉस या भारतीय कंपनीकडे आहे. २०२४ मध्ये नव्याने आलेल्या त्यांच्या घड्याळांत डीप ब्लूही आहे.

या नात्याची एक वाईट बाजूही सांगायला हवी. जुन्या घड्याळांचे शौकीन जगभर ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ती बाहेरून नव्याने रंगवलेली तबकडी, आत तीन निरनिराळ्या घड्याळांचे भाग, आणि वर मोठ्या नावाचा ठसा. असं एक घड्याळ मी स्वतः अस्सल समजून घेतलं होतं. तबकडी झगझगीत, अक्षरं जरा जाड. वर्षभराने लूपखाली पाहिलं तेव्हा मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी जुळतच नव्हत्या. घरच्या जुन्या घड्याळाची तबकडी कुणी अशी प्रेमाने रंगवून घेतली तर त्यात गैर काही नाही. ते अस्सल म्हणून विकणं गैर. आणि अस्सल सापडलंच तर त्याचं रबर मेलेलं, काच पिचलेली, चावीचे आटे झिजलेले. ते कपाटात शोभतं, समुद्रात उतरवता येत नाही. नव्याने बनवलेल्या जुन्या रूपाची खरी किंमत मला इथे दिसते: तोच विचार, पण पाण्यात नेता येईल असा.

पैशांचं बोलायचं तर यातली बरीचशी घड्याळं साधारण ७०० ते २,५०० स्विस फ्रँकमध्ये मिळतात. त्यात सहजी ओरखडा न पडणारी नीलमणी काच, सर्जिकल प्रतीचं स्टील आणि ऑटोमॅटिक मशीन येतं. मशीन बहुधा ग्रेंखेनच्या 'ईटीए'चं, किंवा ला शो-द-फोंच्या 'सेलिटा'चं. सेलिटाचं एसडब्ल्यू२०० हे ईटीएच्या २८२४ या मशीनच्या आराखड्यावरच बेतलेलं आहे. पेटंटची मुदत संपल्यावर सेलिटाने ते स्वतः बनवायला घेतलं. दोन्ही तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. म्हणून सेकंदकाटा टकटक न करता सरकत जातो. 'स्वतःचं मशीन नाही' म्हणून या घड्याळांना नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी वडिलांच्या काळातलं कुठलंही मध्यम किमतीचं स्विस घड्याळ उघडून पाहावं. शिवाय या मशीनचे भाग आणि ते उघडता येणारे हात दोन्ही आपल्या शहरांत आहेत. स्वतःचं खास मशीन असलेलं घड्याळ दुरुस्तीला अनेकदा परदेशी जातं आणि महिनोन्‌महिने परतत नाही.

तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड' लिहिण्यासाठी २०१७ पासून निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. म्हणजे उरलेला बाहेरचा असू शकतो, आणि स्वस्त घड्याळांत तो असतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण घेणाऱ्याला माहीत असावं. मीटरच्या आकड्याचंही तसंच. नुसतं '३० मीटर' लिहिलेलं घड्याळ हात धुताना चालेल, पोहायला नाही. पाणबुड्याच्या घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे प्रमाण आहे. त्यात किमान १०० मीटर, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबावर प्रत्येक घड्याळाची चाचणी, खाऱ्या पाण्यात २४ तास, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणं अशा अटी आहेत. २०० मीटरवर तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे १४० किलो भार पडतो, दोन धडधाकट माणसं उभी असावीत तसा. जुन्या रूपातली सगळीच घड्याळं या प्रमाणाची नसतात, तेव्हा विचारून घ्यावं.

विकताना किंमत वाढून मिळेल या आशेने यातलं एकही घेऊ नये. बहुतेकांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते. स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे, तो एक दिलासा.

वडिलांच्या घड्याळाला त्या दिवशी नवं रबर बसलं. काकांनी पाठीमागचा लाकडी खण ओढला. आत औषधाच्या दुकानात असतात तशा छोट्या पुड्या, शे-दोनशे. मला वाटलं, कंपन्यांच्या नावाने लावल्या असतील. पुड्यांवर फक्त आकडे होते. २८, २८.५, २९. त्यांनी केसच्या खाचेला माप लावलं, एका पुडीतून काळी कडी काढली, बोटाच्या टोकावर चिमूटभर ग्रीस घेऊन तिच्यावरून फिरवलं. माझ्या मनगटावरचं, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं डायव्हिंगचं घड्याळ त्यांच्या नजरेस पडलं होतं. "तेही द्या," ते म्हणाले, "पावसाळ्याआधी बघायला हवं होतं." मी उतरवून दिलं. त्यांनी झाकण फिरवलं, कडी उचलून उजेडात धरली, बोटांत ताणून पाहिली आणि खणातली तीच पुडी पुन्हा उघडली.